मुलांच्या हातचे मोड

राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी जबलपुरात घरोघरी कजलिया निघतात. पानांच्या द्रोणांत, टोपल्यांत माती घालून गहू पेरलेला असतो आणि तो अंधाऱ्या कोपऱ्यात वाढवलेला असतो. त्याची पिवळी, कोवळी पाती तलावावर नाहीतर नर्मदेवर नेऊन धुतात, एकमेकांना देतात, मुलं मोठ्यांच्या पाया पडतात. बुंदेलखंड आणि महाकोशलातला हाच सण पूर्व विदर्भात भुजली म्हणून होतो. चैत्रात आणि आश्विनात जवारे असतात. इथल्या मराठी घरांत घट बसले की घटाभोवतीच्या मातीत धान रुजतं आणि दसऱ्याला ते टोपीत, केसांत खोवतात. म्हणजे या शहरातलं मूल बी रुजताना वर्षातून दोन-तीनदा सहज पाहतं, पण लांबूनच. देवाजवळचं असतं, तेव्हा उकरून बघता येत नाही, उपटून मुळं मोजता येत नाहीत आणि चाखता तर येतच नाही.

मोडांना यातली कुठलीच आडकाठी नाही. मूठभर मूग, एक काचेची बरणी आणि ओट्याचा कोपरा एवढ्यावर काम होतं. दोन दिवसांत ताटात काहीतरी पडतं, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाचा धीर साधारण तेवढाच टिकतो. माझं म्हणणं थोडक्यात असं : मोड काढायचं काम निवडण्यापासून उपसण्यापर्यंत सगळं मुलाकडे सोपवा, आणि ते शिजवायचं काम मात्र स्वतःकडे ठेवा. या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत. दुसरीकडे अलीकडे फार दुर्लक्ष होतं, म्हणून तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आधी धान्य. सुरुवात मुगापासूनच करावी. मूग लवकर रुजतो, सहसा फसत नाही, पोटाला हलका असतो, आणि हिरव्या सालीतून बाहेर आलेलं पांढरं टोक लहान मुलालाही स्पष्ट दिसतं. शिवाय तो इथलाच आहे. गहू निघाल्यावर नर्मदेच्या खोऱ्यात, नरसिंहपूर-नर्मदापुरमपासून हरद्यापर्यंत, उन्हाळी मूग मोठ्या प्रमाणावर घेतात आणि जूनच्या आसपास नवा माल बाजारात येतो. दुकानात ‘खडा मूंग’ मागा. मटकी हवी असेल तर ‘मोठ’ म्हणा, हुलगे हवे असतील तर ‘कुलथी’, चवळीला ‘बरबटी’. नुकत्या महाराष्ट्रातून बदलून आलेल्या घरांना सुरुवातीला या नावांचीच अडचण होते. हरभरा आणि मसूर तर मध्य प्रदेशची हक्काची पिकं, ती कुठेही उत्तम मिळतात. कडवे वाल मात्र इथे शोधावे लागतात. कोकणातल्या माहेराहून कुणी आणून दिलेच तर मुलांना सोलायला बसवा. भिजलेल्या वालाचं साल चिमटीत दाबलं की डाळिंबी टुपकन बाहेर पडते, आणि हे काम मुलं सांगितल्याशिवाय करत राहतात.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. पेरणीचं बियाणं कधीही खाण्यासाठी भिजवू नका. बियाण्याच्या दुकानातल्या पाकिटातले दाणे बुरशीनाशक आणि कीटकनाशक लावलेले असतात. बहुधा ते गुलाबी, लाल, निळ्या रंगाचे दिसतात, पण रंग दिसला नाही म्हणून औषध नाही असं समजू नये. जबलपूर हा मटाराचा जिल्हा, शेती असलेल्या किंवा शेतकऱ्यांत ऊठबस असलेल्या घरांत अशी पाकिटं हाताशी असतात. मोडांसाठी किराणा दुकानातलं, खायचं म्हणून विकलेलं धान्यच घ्या.

काही धान्यं मुलांच्या या उद्योगातून पूर्ण वगळावीत. राजम्याचे मोड कच्चे किंवा अर्धवट शिजलेले पोटात गेले तर उलट्या-जुलाब होतात. त्यातलं विषारी द्रव्य जायला खळखळ उकळावं लागतं, नुसती वाफ पुरत नाही. ज्वारीच्या कोवळ्या कोंबांत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. कोवळ्या ज्वारीत गुरं शिरू देऊ नयेत हे शेतकऱ्याला ठाऊक असतंच. तिसरी लाखोळी, म्हणजे इकडचा तिवडा. या डाळीचा इतिहास आपल्या अगदी जवळचा आहे. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेले आणि जबलपूर-सागर भागात अधिकारी असलेले स्लीमन यांनी १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे, की सागरकडच्या गावांत १८२९पासून लागोपाठ तीन वर्षं गहू बुडाला, लोकांना तिवड्यावर दिवस काढावे लागले आणि १८३३च्या सुमारास तरुण माणसांचे पाय लुळे पडू लागले. भिजवून, मोड आणून हा दोष पुरता जात नाही, म्हणून ती आणूच नये. आणि हो, मोड म्हटले की चांगले असं मुलाच्या डोक्यात बसलं तर ते टोपलीतल्या बटाट्याचे कोंबही चाखून पाहील. बटाट्याचे मोड विषारी असतात हे त्याला त्याच दिवशी सांगा.

आता कृती. पहिल्या वेळी अर्धी वाटी मूग पुरे, कारण मोड आल्यावर ते दीड वाटीच्या घरात जातात. मुलाला परातीत मूग पसरून निवडायला द्या. खडे, फुटके दाणे, भोकं पडलेले दाणे बाजूला काढायचे. फुटके काढायचे कारण ते रुजत नाहीत, नुसते कुजतात आणि बाकीच्यांना वास लावतात. हे त्याला आधी सांगू नका. काढलेले फुटके दाणे वेगळ्या वाटीत भिजवा आणि काय होतं ते त्यालाच पाहू द्या. सोबत चमचाभर मुगाची डाळही भिजवा. डाळ फुगेल, पण मोड येणार नाही. ‘का?’ हा प्रश्न मुलाकडूनच येतो, आणि उत्तर द्यायला एक भिजलेला हरभरा पुरतो. त्याचं साल काढून दोन दळं अलग केली की चोचीपाशी चिकटलेला इवलासा कोंब दिसतो. डाळ भरडताना नेमका तोच निघून जातो.

भिजत घालण्याआधी मुलाने साबणाने हात धुवायचे आणि मूग तीन-चार पाण्यांतून चोळून काढायचे. मग मुगाच्या तिप्पट पिण्याचं पाणी घालून रात्रभर ठेवायचे. भांडं मोठं हवं आणि त्यावर घट्ट झाकण नको. ज्या मुलाला जाग राहील त्याला पहिल्या तासा-दीड तासात एकदा पाहायला लावा. वाल, वाटाणा, हरभरा भिजताना आधी नुसतं साल पाणी पितं आणि सुरकुततं. आतला गर मागाहून फुगतो, तेव्हा साल पुन्हा ताणून बसतं. फुगलेला दाणा सगळ्यांना माहीत असतो, पण सुरकुतलेला दाणा फार थोड्यांनी नीट पाहिलेला असतो. सकाळी काही दाणे तसेच खडखडीत राहिलेले सापडतील, ते गणंग. त्यांच्या सालीतून पाणी शिरतच नाही. ते वेचून काढणं हे मुलाचं काम.

सकाळी पाणी उपसून मूग पुन्हा धुवा. आपल्याकडे फडक्यात घट्ट बांधून ठेवायची रीत आहे आणि ती उत्तमच आहे. फक्त फडकं स्वच्छ, उकळून वाळवलेलं हवं. ओट्यावरचं हात पुसायचं फडकं नको. पण मुलांसाठी मी बरणीच सुचवते. फडकं असलं की मूल दर अर्ध्या तासाने गाठ सोडून बघतं. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या, तोंडावर मलमलचा तुकडा रबराने बसवा आणि बरणी एका वाडग्यात तिरकी, तोंड खाली करून ठेवा. पाणी निथळतं, हवा खेळते आणि आतलं सगळं दिसतं. बरणी पाऊण रिकामी राहील एवढेच मूग घाला. दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री, त्याच कापडातून पाणी आत घ्यायचं, हलवायचं, ओतून द्यायचं. खरी काळजी निथळण्याची घ्यावी लागते. मोड बिघडतात ते बहुतेक तळाशी साचलेल्या पाण्यामुळे. बी श्वास घेतं, बुडून राहिलं तर गुदमरतं.

हा श्वास हाताला कळतो. घरात वाटी-दोन वाट्या मटकी फडक्यात बांधली असेल तेव्हा, रुजायला लागल्यावर, मुलाला धुतलेली बोटं पुरचुंडीच्या मधोमध घालायला सांगा. आत कोमट लागतं. चूल नाही, ऊन नाही, तरी ऊब कुठून आली? दाण्यात साठवलेलं अन्न खर्ची पडतं आणि त्यातून ही ऊब निघते. असं एकदा बोटांना कळलं की ते पुस्तकातून पाठ करावं लागत नाही.

मूग, मटकी आणि मसूर उपसल्यापासून दिवस-दीड दिवसात तयार होतात. हरभरा, हुलगे, मेथी यांना दोन दिवस लागतात, वालाला कधी त्याहून अधिक. मोड पाव-अर्ध्या इंचाचे झाले की थांबवावेत. हॉटेलातल्या चिनी पदार्थांत दिसतात तसे लांबलचक मोड मुगाचेच असतात, पण ते अंधारात, वजनाखाली, वारंवार पाणी देऊन वाढवतात. घरी त्याच्या मागे लागू नये.

हळीव आणि मोहरी वेगळ्या वळणाची. हळिवाभोवती भिजल्यावर बुळबुळीत आवरण येतं, त्यामुळे ते बरणीत धुता-निथळता येत नाहीत. ओल्या कापडावर विरळ पसरावेत आणि वरून पाणी शिंपडावं. मोहरीच्या मुळाशी दुसऱ्या दिवशी पांढरी लव दिसते आणि आया बुरशी समजून सगळं फेकून देतात. ती मुळांची लव असते. मुळाला चिकटून, सारखी, आणि पाणी शिंपडलं की दिसेनाशी होणारी. बुरशी जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाते, करडी-काळी होते, आणि कुबट वास येतो. बुरशी असेल तर एक दाणा काढून भागत नाही, सगळं टाकावं.

जबलपूरच्या हवेचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो तेव्हा रात्रभर भिजवलेले मूग सकाळी फसफसतात. तेव्हा पाच-सहा तास पुरे, भिजताना एकदा पाणी बदलायचं आणि नंतर दिवसातून तीनदा धुवायचं. पाण्याच्या माठाशेजारची जागा या दिवसांत सर्वांत गार. जानेवारीत उलटं. रात्री आठ-दहा अंशांवर मोड हलतच नाहीत. कोमट पाण्यात बारा तास भिजवा आणि बरणी टॉवेलात गुंडाळून बंद कपाटात किंवा पोळ्यांच्या रिकाम्या गरम डब्यात ठेवा. पावसाळ्यात रुजायला काही अडचण नसते, पण बुरशीला त्याहून नसते. त्या दिवसांत थोडे भिजवा आणि लगेच संपवा.

प्रयोगांसाठी एक वही ठेवा, पण वहीचा जाच करू नका. रोज एक मोड वहीत ठेवून त्याच्या लांबीएवढी रेघ मारायची, इतकं पुरे. पहिलीतल्या मुलाचाही त्यातून आलेख होतो. मोठ्या मुलाला शंभर दाणे मोजून ओल्या कापडात गुंडाळायला सांगा आणि तीन दिवसांनी किती रुजले ते मोजायला. शेतकरी पेरणीआधी गोणपाटात हीच परीक्षा घेतात आणि शेकडेवारी कळायला याहून सोपी वाट मला माहीत नाही. चार झाकणांत दहा-दहा दाणे घेऊन एक कोरडं, एक ओलं, एक पाण्यात बुडालेलं आणि एक ओलं करून फ्रिजमध्ये ठेवलं, की बीला काय लागतं ते मूलच सांगतं. पाचवं झाकण अंधारात ठेवा. अंधारातही बी रुजतं, हे बहुतेक मुलांना अनपेक्षित असतं. मग अंधारातल्या आणि उजेडातल्या रोपांचा रंग शेजारी ठेवून पाहा. कजलियांचा पिवळा रंग आला कुठून, ते तिथेच उलगडतं.

हाताने करून शिकायची ही पद्धत आपल्याच खोऱ्यात वाढली. १९७२ साली तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १६ शासकीय माध्यमिक शाळांत विज्ञान प्रयोगातून शिकवायला सुरुवात केली. पुढे १९८२मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो कार्यक्रम शेकडो शाळांत नेला. २००२मध्ये शासनाने तो बंद केला. मला त्याचं फार वाईट वाटतं. त्या कार्यक्रमातला एक नियम मात्र घरी आजही पाळता येतो. उत्तर आधी सांगायचं नाही. मुलाचा अंदाज चुकला तरी प्रयोग होईपर्यंत तो तसाच राहू द्यायचा.

लहान भावंडं असतील तर एक सावधगिरी हवी. दोन-तीन वर्षांची मुलं दाणे नाकात, कानात घालतात. हरभऱ्यासारखा दाणा तिथल्या ओलीने फुगतो आणि अडकून बसतो. असं झालं तर काडी घालू नका, पाणी सोडू नका, थेट डॉक्टरांकडे जा. चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा हरभरा खायलाही देऊ नये, घशात अडकतो.

आता शिजवण्याबद्दल. ‘कच्चे मोड पौष्टिक’ हे वाक्य इतकं रुळलं आहे, की सकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठी गाडीवर, शाळेच्या डब्यात, सगळीकडे कच्चे मोड दिसतात. मोड येण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही लागते. दाण्याच्या सालीवरच्या बारीक चिरेत मूठभर जंतू असले तर दोन दिवसांत ते अफाट वाढतात आणि वरून धुऊन जात नाहीत. २०११ साली जर्मनीत घातक ई-कोलाय जंतूंची साथ आली. साडेतीन हजारांहून अधिक लोक आजारी पडले, पन्नासावर दगावले. माग काढत गेल्यावर तो इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांच्या मोडांपर्यंत पोचला. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांनी कच्चे मोड खाऊ नयेत, असं अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन स्पष्ट सांगतं. आपल्या आज्यांनी उसळ केली, बिरडं केलं, गोव्यात मुगागाठी केल्या, सगळं शिजवूनच. मुलांच्या बाबतीत हीच वाट धरावी. ‘आपण घरी स्वच्छ करतो’ एवढ्याने भागत नाही, कारण जंतू दाण्याबरोबरच घरी आलेले असू शकतात. मूल बरणीतून दोन दाणे काढून तोंडात टाकायला बघेल, तेव्हा ‘आधी वाफ, मग तोंडात’ असा घरचा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा.

शिजवून सत्त्व जातं का? थोडं क जीवनसत्त्व जातं, बाकी फारसं काही नाही. मोडांमुळे प्रथिनं वाढतात असा समज आहे, तोही तितकासा खरा नाही. खरा फायदा असा की पोटात वायू धरणाऱ्या शर्करा कमी होतात, लोह अडवून धरणारं फायटिक आम्ल घटतं, आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व नव्याने तयार होतं. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात हिंदुस्थानी शिपायांना स्कर्व्ही झाला, तेव्हाच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि मॅरियन डेल्फ या दोघींनी हेच तपासलं आणि १९१९ साली छापलं. कोरड्या डाळी-कडधान्यांत नसलेला गुण मोड आल्यावर येतो, असं त्यांना दिसलं. शिजवताना जे जातं त्याची भरपाई खाली उतरवल्यावर पिळलेल्या लिंबाने होते, आणि त्या आंबटाने लोहही अंगी लागतं.

मुलांसाठी फोडणी साधी. तेलात जिरं, हिंग, हळद, त्यावर मूग, मीठ, पाण्याचा हबका आणि ताटलीवर पाणी ठेवून सात-आठ मिनिटं. दाणा बोटांत दाबला जायला हवा, पण पीठ व्हायला नको. उतरवून गुळाचा खडा, खोबरं, कोथिंबीर, लिंबू. मसाल्याची झणझणीत मटकी मोठ्यांसाठी वेगळी करा. उरलेले कच्चे मोड झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवता येतात. चिकट झाले, आंबूस वास आला, तर कुंडीच्या खतात जाऊ द्या.

थंडीत वाटाण्याचाही एक उद्योग करता येतो. अख्खे वाळलेले वाटाणे बारा तास भिजवून पसरट ट्रेमध्ये मातीवर दाट पसरा, वर मातीचा पातळ थर द्या आणि ट्रे उजेडाच्या खिडकीत ठेवा. दोन आठवड्यांत वीतभर कोवळे शेंडे येतात. मुलाला बोथट कात्रीने बुडाच्या जरा वरून कापू द्या. हरभऱ्याची कोवळी भाजी करतो तशी लसूण घालून परता, नाहीतर वरणात टाका. बुडाशी पान ठेवलं असेल तर बरेचदा पुन्हा फुटवा येतो.

आणि बरणीतले सगळेच मूग शिजवू नका. मार्च-एप्रिलमध्ये किंवा पाऊस स्थिरावल्यावर, नुकतं टोक बाहेर आलेले पाच-सहा दाणे मुलाला मोठ्या कुंडीत, पेराएवढे खोल, टोक खाली करून लावू द्या. टोक वर करून एक दाणा मुद्दाम लावला तरी चालेल, मूळ वळून खालीच जातं. कुंडीला दिवसभराचं ऊन हवं, पाणी साचायला नको. सव्वा महिन्याच्या आसपास पिवळी फुलं येतात, दोन-सव्वादोन महिन्यांत शेंगा काळ्या पडतात. त्या भर दुपारी तोडायला जाऊ नका, हात लागताच तडकतात आणि दाणे गच्चीभर उडतात. सकाळी लवकर, शेंग जरा नरम असताना, खाली ताट धरून तोडायच्या.